तारेतल्या कड्या

माझ्या उशाला एक कापडी पिशवी असते. तिच्यात गोरखधंदे आहेत. आता हा शब्द लोक लबाडीच्या धंद्याला वापरतात, पण आमच्या परभणीकडे तो खेळ होता. वाकवलेल्या तारेत लोखंडी कड्या अडकवलेल्या असतात. तार न वाकवता, न तोडता कड्या बाहेर काढायच्या आणि पुन्हा होत्या तशा घालायच्या. एवढंच. माझे डोळे जवळजवळ गेलेत, पण या खेळाला डोळे लागत नाहीत.

नातवंडं म्हणतात, आजी, त्यानं डोकं चांगलं राहतं. राहत असेल. मला त्यातलं कळत नाही. या खेळाचा मला आयुष्यात एकदाच उपयोग झाला, तोही अर्धाच. तो कसा झाला ते सांगते.

पहिला गोरखधंदा वडिलांनी परभणीच्या उरुसात घेऊन दिला. तेव्हा माझी चौथी झाली होती आणि शाळा सुटली होती, कारण पाचवी दुसऱ्या गावाला होती. उरुसात एक म्हातारा तारवाला पोतं अंथरून बसायचा. मी कडी ओढायला लागले तर त्यानं माझ्या बोटांवर हलकीच चापट मारली.

"जोर नक्को लगा बेटी. जोर से खुलती तो मैं बनाताच कायकू?"

मग त्यानं दाखवलं. जी कडी बाहेर काढायची ती आधी आत ढकलायची. अजून आत. आता ही कायमची अडकली असं वाटतं तिथपर्यंत. मग ती फिरते आणि सैल होते. का ते त्यानं सांगितलं नाही आणि मला आजही सांगता येत नाही. बोटांना कळतं.

लग्न होऊन मी गंगाखेड आणि परभणीच्या मधल्या एका गावात आले. शेत, बैल, एकत्र कुटुंब. सासूला माझा नाद पसंत नव्हता. "सुनेच्या हातात लोखंड कशाला खुळखुळायचं? घराला कुलूप लागंल," असं ती म्हणायची. म्हणून मी पदराखाली हात घालून सोडवायला शिकले. दळणाला नंबर लावून बसले असले, सासूच्या मैत्रिणी बोलत असल्या, की माझं तोंड त्यांच्याकडे आणि हात पदराखाली. नवरा दर वर्षी उरुसातून बैलांच्या गळ्यातले घुंगरू आणायचा, त्यांच्याबरोबर माझ्यासाठी नवीन तार आणायचा आणि न बोलता माझ्या पुढ्यात टाकायचा. एकदा भावकीसमोर म्हणाला, "दुसऱ्याच्या बायका बांगड्या मागत्यात, आमची कड्या मागती." सगळे हसले. मीही हसले. तेवढेच लाड म्हणायचे.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्या पावसाळ्यातली ही गोष्ट. नाव बदलायचा ठराव झाला आणि गावोगाव आमच्या लोकांच्या अंगात आलं. ज्यांनी विद्यापीठाची इमारत कधी बघितली नव्हती, बघणारही नव्हते, ते त्याच्या नावासाठी काठ्या घेऊन फिरायला लागले. एसटी बंद पडली. परभणीच्या रस्त्यावर बाभळी तोडून आडव्या टाकल्या, एका ठिकाणी पूल खणला.

आमच्या गावातले लोक गावाबाहेरच्या वस्तीत शिरले आणि घरं जाळली. त्यात माझा दीर होता. तो घरी आला तेव्हा त्याच्या अंगाला रॉकेलचा वास येत होता आणि तो जेवायला मागत होता. मी उठले नाही. सासूनं वाढलं.

वस्तीतले लोक शेतातून पळत रेल्वे स्टेशनवर गेले. तिथं पोलीस बसलेले होते म्हणून. स्टेशन लहान, एक खोली आणि मालाची शेड. त्या शेडमध्ये ते राहिले. त्यांच्यात गावाची सुईण होती. गावातलं जवळजवळ प्रत्येक पोर तिच्या हातावर आलेलं. माझी लेक तिच्या हातावर आली. माझा दीरसुद्धा.

आणि त्याच आठवड्यात माझी लेक माझ्या घरी अडली. तिचं पहिलंच बाळंतपण. पंचमी जवळ आली होती, ती आठव्या महिन्यापासून माझ्याकडे होती. एका दुपारी कळा सुरू झाल्या. सकाळपर्यंत सासू नुसती "होईल, होईल" म्हणत होती. उजाडल्यावर ती खोलीतून बाहेर आली आणि चुलीपाशी बसली.

"हात आलाय," ती म्हणाली.

आडवं मूल असलं की हात आधी येतो. असं मूल आपोआप येत नाही. आमच्याकडच्या बायकांना ते सांगावं लागत नाही. अशा बाईला दवाखान्यात पोचवलं तर वाचते, न्हाईतर मूल जातं आणि मागून आईही जाते.

ओसरीवर पुरुषांची बोलणी सुरू झाली. परभणीला गाडीनं न्यावं, तर रस्त्यावर झाडं पडलेली. गंगाखेडला न्यावं, तर मधल्या ओढ्याला पाणी. रेल्वे रात्रीपासून आली नव्हती, कधी येईल कोणाला ठाऊक नव्हतं. एक म्हणायचा परभणी, दुसरा म्हणायचा गंगाखेड, फिरून पुन्हा परभणी. सुईणीचं नाव कोणी काढलं नाही. ते सगळ्यांच्या मनात होतं. ओसरीवरचा प्रत्येक माणूस तिच्या हातावर आला होता.

सासूनं तिच्या पद्धतीनं सुरुवात केली. अडलेल्या बाळंतिणीच्या घरात बांधलेलं, कोंडलेलं काही ठेवत नाहीत. तिनं कोठीचं कुलूप काढलं. ट्रंकांची झाकणं वर केली. गोठ्यातल्या गुरांची दावी सोडली, तर कालवड अंगणातल्या तुळशीपाशी येऊन उभी राहिली. आम्ही दोघींनी अंबाडे सोडले. लेकीच्या केसांची वेणी मोकळी केली, गळ्यातलं काढलं, परकराची नाडीसुद्धा. आत ती ओरडत होती आणि बाहेर आम्ही गाठी शोधत होतो.

मग सासूला खुंटीवरचा गोरखधंदा दिसला. त्या वर्षीच्या उरुसातला. लय मोठा होता, तारेला तार आणि तिला परत कड्या. मला तो हिवाळ्यापासून सुटला नव्हता.

"ही बघा," सासू म्हणाली. "ही बघा घरातली गाठ. पोरीला अडकवून ठेवलंय हिनं!"

दीर उठला. "आणा हिकडं. पकडीनं तोडतो."

"तोडायचं न्हाई रे मुडद्या, सोडायचं असतंय. तोडलं तर आत काय व्हईल?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सोड आता. एवढी हुशार हाईस न्हवं? सोड."

आणि मी खरंच बसले. हसू नका. आत पोरगी मरायला लागली की माणूस सांगेल ते करतं. माझा यावर विश्वास नव्हता, पण दुसऱ्या कशावर होता? मी ओसरीच्या कोपऱ्यात बसून कड्या फिरवायला लागले. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. लेकीचा आवाज आला की बोटं थांबायची. नवरा खांबाला टेकून उभा होता. त्याच्याकडं बघायची मला भीती वाटत होती.

त्या बसण्यात मला काही साक्षात्कार झाला नाही. फक्त हात कामात गुंतले की माझं डोकं शांत होतं, तसं ते झालं. आणि शांत झाल्यावर जे सकाळपासून माहीत होतं ते तोंडात आलं. मी कड्या कमरेला खोचल्या आणि उठले.

"कुठं चाललीस?" सासू म्हणाली.

"टेसनावर."

दीर म्हणाला, "वहिनी, ती यायची न्हाई."

"तू घर जाळल्यावर कशाला येईल? मी पाया पडायला चाललेय. तुझ्या वाटणीचं बी पडते."

नवरा एकच वाक्य बोलला. "मी बैल जुंपून ठेवतो."

मी जवारीतून गेले. काळी माती, पायाला चिखलाचे गोळे. वाटेत वस्ती लागते. मी तिकडे बघितलं नाही असं सांगितलं असतं, पण बघितलं. छपरं नव्हती. एका दारात जात्याची तळी पडली होती.

शेडमध्ये बायका पोतं अंथरून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पोरं जवळ ओढली. सुईण भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. हातांना निळं औषध फासलेलं होतं. तळवे आणि बोटं सोलून निघाली होती. आत अडकलेली शेळी काढायला ती जळत्या छपराखाली गेली होती, हे मला नंतर कळलं.

मी तिच्या पायाशी बसले. तीच बोलली.

"लेक अडली?"

"हात आलाय."

"कवाच्यान?"

"काल दुपारपासून कळा हायेत. हात आत्ता."

मागून एक तरणी बाई म्हणाली, "आत्याबाई, ह्यांच्यासंग कशाला बोलायलीस? मरू दे की. आपल्याला मारायला आले तवा हिचा नवरा मधी पडला काय?"

सुईणीनं मागं बघितलं नाही. "पोरीनं काय जाळलं गं?" म्हणाली. आणि मला म्हणाली, "हे बघ माझे हात. ह्याच हातानं तुझी लेक काढली. आता ह्या बोटानं मला भाकर बी मोडत न्हाई. मी येऊन काय करू?"

मी तिच्या हातांकडे बघत राहिले. सगळ्या गावात तेवढेच हात होते. आमच्याच माणसांनी ते जाळले होते, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

"तुमी नुसतं सांगा," मी म्हणाले. "मी करते."

"तू?" ती हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "तुला काय येतंय?"

मला काय येतं हे मी कसं सांगणार? मी कमरेचा गोरखधंदा काढला, पदराखाली घेतला, तिच्याकडेच बघत राहिले आणि त्यातल्या मला येत होत्या तेवढ्या कड्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. सगळ्या नाही निघाल्या. तिनं त्या कड्यांकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे.

"गावात मी पाय ठेवणार न्हाई," ती म्हणाली. "पोरीला हिकडं आण. तुझ्या नवऱ्यानं गाडी टेसनाच्या अलीकडल्या बाभळीपाशी सोडायची आन माघारी फिरायचं. तुमच्यातला एक बी बाप्या हितं दिसला न्हाई पायजे."

गाडीतून आणताना लेक ओरडायची थांबली होती. ते ओरडण्यापेक्षा वाईट. नवरा बैलांच्या पुढे चालत होता, दगड चुकवत. बाभळीपाशी आल्यावर त्यानं कासरा माझ्या हातात दिला आणि खरंच माघारी गेला, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत. तिथं तो पाठमोरा बसलेला मला लांबून दिसत होता.

दोन म्हाताऱ्या बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला. ती तरणी बाई उठली आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसली. तिचं बरोबर होतं. स्टेशनमास्तरच्या चुलीवर पाणी तापवलं. सुईणीनं माझ्या बांगड्या उतरवायला लावल्या, नखं दगडावर घासायला लावली, कोपरापर्यंत साबण आणि मग तेल. स्वतः लेकीच्या डोक्याशी बसली, तिचं डोकं मांडीवर घेऊन, जळके हात दोन्हीकडे लांब धरून.

"आलेला हात वढायचा न्हाई," ती म्हणाली. "तिथंच चूक करत्यात सगळे. तो आत सार. कळ गेली की सार, कळ आली की थांब."

आत सारायचा. मला ऐकल्याबरोबर पटलं. दुसऱ्या कोणा बाईला पटलं नसतं. बाहेर आलेलं पुन्हा आत घालायला माणसाचा हात धजत नाही.

तो लहान हात निळा झाला होता. मी तो आत सारला, कळ गेली की थोडा, कळ आली की थांबून. लेक तोंडात पदराचा बोळा धरून होती. सुईण वरून बोलत होती, एका सुरात, जणू दाणे निवडायला शिकवतेय.

"जोर लावू नको. फाटलं तर पोरगी गेली. काय लागतंय हाताला?"

"पाठ असंल."

"पाठीवरून खाली जा. ढुंगण लागंल. तिथनं पाय. टाच वळखायची, हातासारखी लागती, पण टाचेला कोपरा असतो."

मी डोळे मिटले. उघडून उपयोग नव्हता. बोटांना कोपरा लागला आणि मी म्हणाले, "टाच."

"धर. वढू नको. आधी वर ढकल सगळंच. जागा व्हऊ दे. मग फिरव."

फिरलं. मला ते अजून हातात जाणवतं. एवढा वेळ जाम असलेलं काहीतरी एकदम सैल झालं, आणि पाय खाली आला. मग दुसरा. मग पुढची कळ आणि लेकीचा एक आवाज, जो मी परत कधी ऐकला नाही आणि ऐकायचा नाही.

मुलगा होता. रडला नाही. मी त्याला उलटा धरला, पाठ चोळली, तोंडातला चिकटा काढला, तोंडात फुंकर मारली. सुईण म्हणाली, "राहू दे."

मी चोळत राहिले.

"राहू दे म्हणलं न्हवं? त्यो सकाळीच गेला. हात निळा होता तवाच गेला. तुला सांगितलं असतं तर तुझा हात थरथरला असता." मग म्हणाली, "लेक बघ. लेक हाय."

लेकीला उन्हं कलायच्या आत परभणीकडे जाणारी रेल्वे मिळाली. परभणीच्या सरकारी दवाखान्यात ती बरेच दिवस होती, ताप चढायचा आणि उतरायचा. ती वाचली. मुलाला नवऱ्यानं बांधाच्या कडेला पुरलं. आम्ही त्यावर दगड ठेवला नाही. आता ते शेतही आमचं नाही.

घरी आल्यावर सासू म्हणाली, "कड्या सुटल्या असत्या तर नातू जगला असता."

मी म्हणाले, "तिचे हात शाबूत असते तर जगला असता. ते तुमच्या धाकट्याला विचारा."

त्यानंतर सासू माझ्याशी मरेपर्यंत नीट बोलली नाही. दीर बोलायचा, पण माझ्या हातचं पाणी मागायचा नाही.

वस्तीतले काही लोक परत आले. सुईण आली नाही. ती स्टेशनच्या पलीकडे बहिणीपाशी राहिली. तिचे हात भरून आले, पण बोटं आखडली. तळव्याकडे वळली ती वळलीच. तिनं पुन्हा बाळंतपण केलं नाही. गावातल्या बायका अडल्या की मला बोलवायला लागल्या. "तुमचा हात हलका हाय," म्हणायच्या. मी जायचे. मला एकच गोष्ट शिकवलेली होती, ती जिथं चालली तिथं चालली, जिथं नाही तिथं मी हात धुऊन घरी आले. माझा त्यात काही मोठेपणा नाही. जिला सगळं येत होतं ती दीड कोसावर बसली होती आणि गावात तिच्याकडे जायची कोणाची छाती नव्हती. मी लुगडं-चोळी घेऊन गेले होते एकदा. तिनं घेतली नाही. "बाळंतीण सुखरूप, बाळ सुखरूप, तवा घेतात," म्हणाली. "माझं काम अर्धं झालं."

लेकीला पुढे दोन मुलं झाली, दोन्ही दवाखान्यात. त्या दिवसाबद्दल तिनं मला कधी विचारलं नाही. मी पाणी द्यायला गेले की ती माझ्या हातांकडे बघते, मग दुसरीकडे बघते.

तो मोठा गोरखधंदा मी खुंटीला लावला आणि बरीच वर्षं हात लावला नाही. मग एका दुपारी तूर निवडून झाली, घरात कोणी नव्हतं, आणि मी तो काढला. जी अडायची ती कडी मी तेव्हा एकटीच फिरवत होते. ती एकटी सुटणारी नव्हतीच. सगळ्या कड्या एकदम आत ढकलायच्या, जागा करायची, मग फिरवायचं. संध्याकाळच्या आत सुटला. मी तो मांडीवर घेऊन बसले. काहीच झालं नाही. काय होणार होतं?

विद्यापीठाचं नाव शेवटी बदललं, त्या हिवाळ्यात मी सुईणीकडे गेले. तोपर्यंत माझा नवरा गेला होता, सासू गेली होती. वस्तीत पेढे वाटले होते. गावात त्या दिवशी दुकानं बंद होती. ती उन्हात बाजेवर बसली होती, दातांशिवाय, आखडलेली बोटं गोधडीवर ठेवून. मला ओळखलं.

"नाव बदललं म्हणं," ती म्हणाली.

"व्हय."

"तुझ्या दिराला कळलं का?"

"कळलं. दार लावून बसलाय."

ती हसली. या वेळी थोडं बरं हसली. मग म्हणाली, "आन ते तुझं? कड्याचं?"

तिला ते आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी पिशवीतून काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं वाकडी बोटं त्यात घालून बघितली. एकही कडी हलली नाही. "माझ्याच्यानं न्हाई," म्हणाली. "तू काढ, मी बघते."

मी तिच्यासमोर सगळ्या काढल्या, एकेक करून बाजेवर मांडल्या. तिनं त्या नीट बघितल्या. मला वाटलं, आता ती म्हणणार, त्या दिवशी का नाही सुटल्या.

"आता परत घाल," ती म्हणाली.

मी परत घालायला लागले. काढण्यापेक्षा त्याला जास्त वेळ लागतो. ती शेवटपर्यंत माझ्या हातांकडे बघत बसली होती.